चिचूचं नाक आणि काकांची करवत

कान इकडे करा. बोट तोंडातून काढा. हं, आता ऐका.

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिचू. डोळे बारीक. नाक हे एवढं लांब!

राहायची कुठे? नारबाकाका सुतारांच्या कारखान्यात, भुशाच्या ढिगात. रात्रभर झुरळं पकडायची. म्हणून काका तिला सकाळी एक लाडू द्यायचे. इवलासा, शेंगदाण्याचा. कष्टाचा लाडू बरं का!

आज पिल्लं भुकेली होती. चार पिल्लं. एकाची शेपटी दुसऱ्याने धरलेली, दुसऱ्याची तिसऱ्याने, तिसऱ्याची चौथ्याने.

"गप्प बसा हं," चिचू म्हणाली. "तुमची आई केवढी शहाणी! आत्ता जाते, आत्ता लाडू आणते."

लाडू तोंडात धरला. निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

टक्!

नाक कशावर तरी आपटलं. लाडू सुटला. गडगड, गडगड, गडगड... गेला फळीखाली!

"वाटेत हे काय तडमडलंय?" चिचू करवादली. पण मागे वळून बघेल तर शप्पथ!

फळी होती दोन ठोकळ्यांवर आडवी. लांबलचक. जाडजूड. खालची फट एवढीशी. नाक शिरलं, चिचू काही शिरेना.

"का गं चिचूबाई, नाक का थरथरतंय?" फळी म्हणाली.

"पिल्लं थांबेनात,
लाडू मिळेना.
फळीताई, फळीताई, हल ना!"

"मी कशी हलू? काकांनी कापलं, तर हलेन."

चिचू गेली काकांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. ठक्! नाक आपटलं काकांच्या चपलेवर.

"आधी नाक पोचतं, मग मी!" चिचू म्हणाली.

काका पेन्सिल शोधत होते. पेन्सिल होती त्यांच्याच कानावर.

"का गं चिचूबाई, नाक का थरथरतंय?"

"पिल्लं थांबेनात,
लाडू मिळेना,
फळी हलेना.
काका, काका, कापा ना!"

"मी कसा कापू? हातकरवत शेजाऱ्याने नेली, ती नेलीच. आता ही मशीनची करवत फिरली, तर कापीन."

चिचू गेली करवतीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. करवत बसली होती भुशात. गोल गोल पातं. चकचकीत दात. वायर नाही की काही नाही. ठक्! नाक आपटलं मुठीवर. दातांवर नाही, नशीब!

"आधी नाक पोचतं, मग मी!" चिचू म्हणाली.

"का गं चिचूबाई, नाक का थरथरतंय?"

"पिल्लं थांबेनात,
लाडू मिळेना,
फळी हलेना,
काका कापेनात.
करवतमावशी, करवतमावशी, फिर ना!"

"मी कशी फिरू? बॅटरीचं पोट भरलं, तर फिरेन."

चिचू गेली बॅटरीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. बॅटरी बसली होती चार्जरच्या मांडीवर. अगदी मलूल. ठक्!

"आधी नाक पोचतं, मग मी!" चिचू म्हणाली.

"का गं चिचूबाई, नाक का थरथरतंय?"

"पिल्लं थांबेनात,
लाडू मिळेना,
फळी हलेना,
काका कापेनात,
करवत फिरेना.
बॅटरीबाळ, बॅटरीबाळ, भर ना!"

"मी कशी भरू? चार्जरने भरवलं, तर भरेन."

चिचू जरा खाली वाकली. ठक्! हा चार्जर.

"आधी नाक पोचतं, मग मी!" चिचू म्हणाली.

"का गं चिचूबाई, नाक का थरथरतंय?"

"पिल्लं थांबेनात,
लाडू मिळेना,
फळी हलेना,
काका कापेनात,
करवत फिरेना,
बॅटरी भरेना.
चार्जरभाऊ, चार्जरभाऊ, भरव ना!"

"मी कसा भरवू? बटण चालू झालं, तर भरवीन."

चार्जरची वायर गेली होती लांब. वायरीमागून चिचू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वायर संपली. जमिनीवर पांढरा बोर्ड. बोर्डावर जाडं बटण. या खेपेला चिचू जपून थांबली.

"का गं चिचूबाई, नाक का थरथरतंय?"

"पिल्लं थांबेनात,
लाडू मिळेना,
फळी हलेना,
काका कापेनात,
करवत फिरेना,
बॅटरी भरेना,
चार्जर भरवेना.
बटणदादा, बटणदादा, चालू हो ना!"

"होतो की मी चालू!" बटण म्हणालं. "सकाळी कुणीतरी धावत आलं. टक्! मला बंद केलं. वर मलाच म्हणालं, तडमडलंय!"

"कोण ते वेंधळं?" चिचू चिडली.

"तोंडात लाडू होता. नाक हे एवढं लांब."

चिचूने आपल्या नाकाकडे पाहिलं. शेंड्यापर्यंत पाहिलं.

"अगं बाई! ती वेंधळी मीच की!"

आणि लागली हसायला. चिक् चिक् चिक्! "शहाणी म्हणे शहाणी! सगळ्यांच्या दारी जाऊन आले, आणि घोळ या नाकाचा!"

मग तिने तेच नाक पुढे केलं.

टक्!

बटण चालू झालं. चार्जर भरवू लागला. लाल दिवा लुकलुक, लुकलुक. बॅटरी भरू लागली. गुटुक गुटुक, गुटुक गुटुक. पोट टम्म! हिरवा दिवा!

काकांनी बॅटरी करवतीत बसवली. खटॅक! डोळ्यांवर चष्मा चढवला.

"चिचू, लांब हो. कान झाक."

चिचू पळाली दाराआड.

घुईंईंईं! करवत फिरली. घर्रर्रर्र! काकांनी फळी कापली. भुसा उडाला भुर्रर्र. काकांच्या मिशा पिवळ्या!

करवत थांबली. फळीचे दोन तुकडे. काकांनी एक तुकडा उचलला. फळी हलली! खाली कोण?

लाडू!

काकांनी भुसा फुंकला. फूऽऽ! "घे बाई तुझा लाडू. आणि मी सकाळपासून त्या बॅटरीला बोल लावतोय! बटण बघायचं सुचलंच नाही मला."

"काका, तुमची पेन्सिल कानावर आहे."

काकांनी कान चाचपला. मग दोघंही हसत सुटली.

तोवर पिल्लं आलीच. शेपट्या धरून, ओळीने. आधी लाडू खाल्ला. मटामटा, मटामटा. पोटं टम्म!

"आई, उशीर का झाला?"

"एका शहाणीने बटण बंद केलं."

"कोण शहाणी?"

"नाक लांब होतं तिचं."

पिल्लांनी एकमेकांची नाकं पाहिली. सगळीच लांब!

"मी नाही!" "मी नाही!" "मी नाही!" "मी पण नाही!"

"मीच रे ती!" चिचू म्हणाली. "चला घरी. आणि बोर्डापाशी जपून हं!"

चिचू पुढे, पिल्लं मागे. चिचू जपून गेली. पहिलं जपून गेलं. दुसरं जपून गेलं. तिसरं जपून गेलं. आणि शेवटचं?

टक्!

चार्जरचा दिवा विझला.

"चिचूऽऽऽ!" काका ओरडले.

"मी नाही!" चिचू ओरडली. "देवाशप्पथ, या खेपेला मी नाही!"

लाडू पोटात, भुसा मिशीत, गोष्ट आपली खिशात.