आढ्याला टेकलेला नावाडी

एक होता राजा. तो राहू दे त्याच्या राजवाड्यात. आपली गोष्ट त्याच्या नावाड्याची. नावाड्याचं नाव हैबती. जन्मभर त्यानं होडी चालवली. माणसं, शेळ्या, नवरदेव, सगळ्यांना नदीपार नेलं. मग म्हातारपणी त्याचे पाय गेले.

घरी मुलगा रामजी आणि सून येसू. दोघं सेवेला पक्की. सकाळी ऊन ऊन पेज, दुपारी पायांना तेल, झोपताना काढा. येसूनं ठरवलंच होतं, आबांना कसली म्हणून तोशीस पडू द्यायची नाही. घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. म्हाताऱ्यानं काही विचारलं की एकच उत्तर, "आबा, तुम्ही पडा. आम्ही बघतो."

हैबती पडला.

मग एकदा काय झालं, येसू पेज घेऊन आली, तर आबा बाजेवर नाहीत. बाजेच्या वर आहेत. अधांतरी! आधी चार बोटं, मग वीतभर, मग हातभर. कापसासारखे हलके होत चालले होते, बरं का. झोपडीचं छप्पर गवताचं. ते फाटलं की म्हातारा गेला वाऱ्यावर, परत काही यायचा नाही. येसूला घास गोड लागेना.

वैद्य म्हणाला, "खाणं वाढवा." येसूनं डिंकाचे लाडू केले. आबांनी निमूट खाल्ले आणि आणखी वर गेले. मग रामजीनं नदीतला धोंडा आणून त्यांच्या कमरेला बांधला. धोंडाही वर गेला. मग राजाला कळलं. त्यानं बहुरूपी धाडला. बहुरूप्यानं वाघ केला, माकड केलं, गावची पोरं हसून लोळली. आबा वरून म्हणाले, "छान." आणि त्यांचं डोकं आढ्याला टेकलं.

छपराचं गवत करकरायला लागलं.

येसू चुलीपुढे रडत बसली. पिठल्याकडे लक्ष नाही. वरून आवाज आला, "करपतंय."

येसूचा तोल सुटला. "मग वरून काय सांगता? खाली या आणि ढवळा!"

सासऱ्याला असं बोलली! तिनं जीभ चावली. पण आबा हातभर खाली आले होते.

येसू बघतच राहिली. मग तिनं सुपात लसूण घेतला आणि सूप वर धरलं. "हे सोला."

"मी? मी नावाडी आहे."

"नावाड्यांना बोटं नसतात?"

"तुझ्या बापानं सोलला होता कधी लसूण?"

"माझा बाप छपराला चिकटून बसत नाही."

आबा तणतणत सोलायला लागले. एकेक पाकळी सोलली, तसे खाली आले. बाजेला टेकले.

तेवढ्यात रामजी आला. "अगं, पडल्या माणसाला कामाला लावतेस?" त्यानं सूप काढून घेतलं. आबा पुन्हा सर्रकन वर!

येसूनं कपाळावर हात मारला. "अहो, द्या ते सूप परत. आणि होडीचं काय झालंय, तेही सांगा त्यांना."

होडी पावसाळ्यापासून गळत होती. बापाला घोर नको म्हणून रामजी गप्प होता. आता चाचरत म्हणाला, "आबा, होडीत पाणी येतंय. काय करू, सुचत नाही."

"माझ्या होडीत? आणि मला आज सांगतोस, गाढवा?"

म्हातारा असा धाडकन खाली आला की बाजेच्या दोऱ्या तुटल्या.

सकाळी रामजीनं बापाला पाठुंगळी घेऊन काठावर नेलं. बाप म्हणाला, राळ भर. मुलगा म्हणाला, फळी बदलू. दिवसभर भांडले. शेवटी दोन्ही केलं. तरी होडी थोडी गळायचीच. मग कुणीतरी आत बसून पाणी उपसायला हवं. त्याला पाय लागत नाहीत. हैबतीनं भांडं हातात घेतलं, ते पुन्हा कुणाला दिलं नाही.

पाय काही परत आले नाहीत. तेल, काढा चालूच राहिला. एखाद्या दिवशी आबा गप्प गप्प होत, बाजेवरून बोटभर उचलले जात. मग येसू कमरेवर हात ठेवून भांडण उकरून काढी.

अशी ती तिघं सुखानं भांडत राहिली. तुम्ही मात्र भांडू नका. पांघरुणं घ्या. मी दिवा मालवतो.