पाच घरच्या चिंध्या

“तर मग बुवा, त्या पाच चिंध्यांचा तुम्हाला लागलेला अर्थ कोणता?”

सर्जेरावांनी विचारलं ते उत्तर आपल्या खिशात असल्यासारखं. माणूस सरदार घराण्यातला, त्यात महाराजांच्या पुतणीचा नवरा, आणि वर कवी. एवढं सगळं एकाच अंगात असल्यावर त्याला खरे प्रश्न कशाला पडतील!

त्यांच्या नव्या कवितेत एक झबलं होतं, पाच चिंध्या जोडून शिवलेलं. दरबारच्या शास्त्र्यांनी त्यावर चाळीस पानी भाष्य लिहिलं. चिंध्या म्हणजे संस्थानचे पाच परगणे, सुई म्हणजे राजदंड, दोरा म्हणजे गादीचा वंश. शास्त्र्यांचं काय, खाल्ल्या मिठाला जागायला हवं. महाराज बेहद्द खूश झाले. उद्या भर दरबारात शालजोडी मिळायची होती आणि हा अर्थ कवीने स्वतःच्या तोंडाने सांगायचा होता. सर्जेराव हो म्हणून बसले होते.

पण भाष्य वाचल्यापासून त्यांच्या पत्नी, बाईसाहेब, त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. गुरूंनी एखादा गूढ अर्थ सांगितला तर त्यांचीही समजूत पटेल, म्हणून सर्जेराव मठात आले होते.

कान्होबुवा तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ठकूबाईंना वाचून दाखवा,” ते म्हणाले.

ठकूबाई मठात भाकऱ्या थापायच्या. अक्षराशी गाठ नाही. सर्जेरावांच्या अगदी जिवावर आलं, पण गुरूचा शब्द मोडवेना. चुलीजवळ उभं राहून त्यांनी कविता वाचली, जरा घाईनेच.

ठकूबाईंचे हात पिठात थांबले. मुलं जगत नसली की आई पाच घरी पदर पसरते, चिंध्या मागून आणते आणि त्यांचंच पहिलं झबलं शिवते. हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

“मंग... जगलं का लेकरू?”

सर्जेरावांनी हातातला कागद मिटला.

चाळीस पानांत हे कुणी विचारलं नव्हतं.

“नाही,” ते म्हणाले. “सव्वा महिन्याची होती...”

आणि एवढा मोठा सरदार, पण मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. वाईट वाटलं बघणाऱ्याला. ठकूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि त्या मुकाट्याने चुलीकडे वळल्या.

बऱ्याच वेळाने सर्जेरावांनी डोळे पुसले. शालजोडी नाकारावी तर महाराजांचा अपमान, सासरचं दार कायमचं बंद. घ्यावी तर घरी बायकोला तोंड कसं दाखवायचं?

“बुवा, उद्या दरबारात काय सांगू?”

कान्होबुवांनी सूप बाजूला ठेवलं.

“लेकीचं नाव सांग, बाबा. मग अर्थ सांगायची कुणाची छाती होते ते बघू.”