पाच झोपांचे कुलूप

एका राज्यात डोंगराच्या पोटात आग राहत होती. बाहेर येई तेव्हा ती रान जाळी, गोठे जाळी, आणि जाळायला काही उरले नाही की परत डोंगरात जाऊन बसे. राजा वज्रसेनाने डोंगराच्या तोंडाला दगडी दार बसवले. दाराला कुलूप हवे होते. लोखंडाचे केले, ते मऊ पडले. पितळेचे केले, ते मेणासारखे ओघळले. तेव्हा भस्मकेतू नावाचा मांत्रिक दरबारात आला आणि म्हणाला, "या आगीपुढे एकच वस्तू टिकते, माणसाची झोप. मला पाच माणसे दे." कोणती, हे राजाने विचारले नाही. सज्ज्यातून खाली बोट दाखवून तो म्हणाला, "बाजारात उभी आहेत. घे त्यांतली."

मांत्रिकाने पाच जणांची झोप काढली. तिच्या पाच खुंट्या घडवल्या, काळ्या पाषाणाच्या कुलपात बसवल्या, किल्ली फिरवली. मग ती किल्ली दाताखाली मोडून गिळली आणि धूर होऊन निघून गेला. आग बंद झाली. राज्य निवांत झाले. त्या दिवसापासून पाच माणसांना मात्र झोप नाही.

त्या पाचांत पाच वर्षांची एक पोर होती, शेवंती. आईने तिला मीठ आणायला बाजारात पाठवले होते.

आईचे नाव लिंबाक्का. ती कुलपे दुरुस्त करी. तिला कोणी शिकवले नव्हते. नवरा गेला तेव्हा त्याच्या पेटीत दहा कुलपे निघाली. ती तिने उघडली, बिघडवली, सांडलेले तुकडे केरातून वेचले आणि पुन्हा जुळवले. दहा बिघडली तेव्हा शेजारून आणलेले अकरावे जुळले. लोक हसले, मग आपापली कुलपे घेऊन तिच्याच दारात येऊ लागले.

अशी बारा वर्षे गेली. शेवंती सतरा वर्षांची झाली, पण केस पांढरे, डोळे उघडे, बोलणे जवळजवळ नाहीच. वैद्याने नाडी पाहिली आणि म्हणाला, "जागून जागून हिचे आयुष्य आटले. आठ दिवस जगली तर पुष्कळ."

लिंबाक्का उठली आणि दरबारात गेली.

"महाराज, डोंगराचे कुलूप मी उलगडणार आहे."

राजलोहार मिशीत हसला. "आजी, ते पापडाच्या डब्याचं झाकण नव्हे."

"तुम्ही त्याला घण मारलात तेव्हा काय झालं ते सांगा की दरबाराला."

घणाच्या पहिल्याच घावाला बाजारातला शिंपी रक्त ओकून पडला होता. झोप त्या शिंप्याची, आणि घाव झोपेवर बसला होता.

राजा म्हणाला, "कुलूप निघाले तर आग सुटेल, बाई."

"माझी लेक मेली तर तिची खुंटी विरेल. एक खुंटी विरलेले कुलूप किती दिवस टिकेल ते महाराजांनीच ठरवावे. मी ते उलगडीन आणि सूर्य मावळायच्या आत परत जुळवीन. पण हाताखाली एक माणूस लागेल. तो माणूस राजा."

"महाराजांनी काय करायचं, भाता ओढायचा?" राजलोहार म्हणाला.

"दांडी धरायची. जमेल ना?"

दरबार हसला. राजा हसला नाही. त्याने मुकुट उतरवून आसनावर ठेवला आणि म्हणाला, "चल."

डोंगराच्या दाराशी कुलूप लोंबत होते, जात्याच्या तळीएवढे. त्यावर एक साळुंकी बसली होती.

"आलीस लिंबाक्का? बारा वर्षे वाट पाहते आहे. हे कुलूप उलगडेपर्यंत मला उडता येत नाही, असा शाप आहे."

"मग बडबड कमी कर आणि सांग."

साळुंकी म्हणाली, "कामे तीन. किल्लीवाचून गाभा, किल्ली शिरते ती आतली नळी, फिरवायचा. एकही कमान उडू न देता तो बाहेर काढायचा. आणि परत बसवायचा. पहिली खुंटी शिपायाच्या झोपेची, दुसरी सुइणीच्या, तिसरी तुझ्या लेकीच्या, चौथी शिंप्याच्या, पाचवी गुराख्याच्या. ज्याची त्याला गेली पाहिजे. परक्याची झोप लागलेला माणूस पुन्हा उठत नाही."

"आणि नव्या खुंट्या माझ्या झोपेच्या करीन."

"तुझ्या?" साळुंकीने मान वाकडी केली. "बारा वर्षे लेकीच्या उशाशी बसून तुझी झोप उरली किती? एका खुंटीपुरतीही नाही."

लिंबाक्काने राजाकडे एकदा पाहिले आणि पदर खोचला.

माध्यान्ह झाली होती. तिने दोन सुया काढल्या. वाकडी सुई किल्लीच्या भोकात घालून गाभ्यावर जरासा भार दिला. सरळ सुईने आत चाचपू लागली. प्रत्येक भोकात दोन खुंट्या, एकीवर एक. खालची झोपेची, वरची पाषाणाची, आणि पाषाणाच्या डोक्यावर तिला दाबून धरणारी वेटोळ्याची कमान. दोघींच्या मधला सांधा गाभ्याच्या काठाशी आला की ती जोडी वाट सोडते. पाचही जोड्यांनी वाट सोडली की गाभा फिरतो.

सुईण पहिल्याच स्पर्शाला वर झाली. दार वाजले की उठायची, तिची झोप ती किती. शिपाई अर्ध्यावर थांबला. शिंपी कुरकुरत आला. गुराखी खोल होता, झाडाच्या सावलीत पडणारा. आणि तिसऱ्या भोकात सुई खोल, खोल गेली. लेकराची झोप. सुया लाल झाल्या, बोटे पोळली, आणि गाभा फिरला.

"आता महाराज मागून या लाकडी दांडीने गाभा रेटतील, मी पुढून ओढीन. दांडी गाभ्याला चिकटून सरकली पाहिजे. मध्ये केसाएवढी फट पडली की वरच्या कमानी उडतील, आणि मग ब्रह्मदेवाला जुळवता येणार नाही."

राजाने दांडी रेटली. घाम त्याच्या डोळ्यांत उतरला, पण हात हलला नाही. बोटबोट करीत गाभा बाहेर आला. त्याच्या जागी दांडी बसली, तिने पाषाण आणि कमानी वरच्या वर दाबून धरल्या, दार मिटलेलेच राहिले. पण दांडी लाकडाची. तिच्या टोकातून धूर निघू लागला.

लिंबाक्काने गाभा पालथा करून पाच खुंट्या पाच खणांच्या तबकात ओतल्या. त्या दुधाच्या काचेसारख्या दिसत होत्या. "यांना हात लावू नका," ती म्हणाली आणि गाभा पुसायला वळली.

राजाने कधी कोणाचे ऐकले होते? त्याने एक खुंटी उचलली. उचलताच तो उभ्या उभ्या झोपला, त्याच्या कोपराने तबक उलटे झाले आणि खुंट्या मातीत पडल्या.

लिंबाक्काने त्याच्या दंडाला धरून त्याला गदागदा हलवले. राजाला असे आजवर कोणी हलवले नव्हते. झोप मुठीतच होती, पापणीवर नव्हती, म्हणून तो जागा झाला. मग तिने चिमट्याने खुंट्या वेचल्या. आखूड ती सुइणीची. शिपायाची आणि शिंप्याची लांबीवरून कळली. उरल्या दोन लांब, एक तिच्या चिमट्यात, एक राजाच्या मुठीत. एक गुराख्याची, एक शेवंतीची. सुईला त्यांच्यात जो फरक लागला होता तो कुलपाच्या आत लागला होता. आता बाहेर, पोळलेल्या हातातल्या चिमट्याला, त्या सारख्याच लागत होत्या.

दांडीला निखारा धरला होता.

"मुठीतली घेऊन काय पाहिलंत?" तिने विचारले.

राजाचा आवाज हलका झाला होता. "कोणाच्या तरी मांडीवर डोके होते. तोंडावर पदर टाकला होता, लोखंडाचा कीस पडू नये म्हणून. वर कानस चालत होती. ती चालू होती तोवर मला कसलीच भीती नव्हती."

लिंबाक्का खाली बसली. मग उठली.

"ती माझ्या लेकीची. द्या."

"ही मी घेतली?"

"तुम्ही घेतलीत. तिच्यासारख्या आणखी चार."

साळुंकी एकेक खुंटी चोचीत घेऊन उडाली आणि ज्याच्या त्याच्या पापणीवर ठेवून आली. उलगडल्या कुलपाने तिचा शाप सुटला होता. पाचवी खेप झाली तेव्हा दांडी अर्धी जळली होती.

"नव्या खुंट्या," राजा म्हणाला. "खाली उभ्या रक्षकांना हाक मारतो. त्यांतला एक..."

"मारा हाक. बारा वर्षांनी त्याची आई इथे येईल. तिला कुलपातले कळत नसले तर आग बाहेर येईल. कळत असले तरी ती तुम्हाला हेच विचारील."

राजा दांडीकडे पाहत राहिला. मग दारासमोरच्या दगडावर बसला, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. "किती लागेल?"

"सगळी."

"काढ."

लिंबाक्काने चिमट्याने त्याच्या पापणीखालून झोप ओढली. ती लांबच लांब निघाली, बारा वर्षे गाद्यांवर पोसलेली. वाऱ्यावर घट्ट झाली. तिचे तिने पाच तुकडे केले, पाच मापांचे, आणि त्याच मापांनी पाषाणाची नवी किल्ली कातली. तुकडे गाभ्यात बसवले, किल्ली आत सारली, गाभ्याचे तोंड दांडीला भिडवले आणि रेटत नेले. जळती दांडी मागून निघाली, गाभा जागी बसला. पाच पाषाण पाच झोपांवर टेकले. किल्ली फिरली. डोंगरात काहीतरी हुंकारले आणि गप्प झाले. सूर्य तेव्हा हातभर वर होता.

तिने किल्ली राजाच्या गळ्यात घातली. "जागणे सोसवेनासे झाले तर या, उघडा आणि आपली झोप घेऊन जा. कोणी अडवणार नाही. आतले काय बाहेर येईल ते तुम्हाला ठाऊक आहे."

"का निजत नाहीस असे इतर राजांनी विचारले तर काय सांगू?"

"पहारा आहे म्हणा."

लिंबाक्का घरी आली. शेवंती निजली होती. सुईण दोन घटकांत जागी झाली, कारण कोणीतरी तिचे दार वाजवले. शिपाई सकाळी उठला, शिंपी दुपारी. दुसऱ्या दिवशी गुराखी उठून गुरे मोजू लागला. शेवंती उठली नाही. तिसरा दिवस गेला. शेजारणी दारात येत, आत बघत आणि परत जात. परक्याची झोप लागलेला माणूस उठत नाही, हे एव्हाना गावाला कळले होते. गुराखी उठला, म्हणजे दोन लांब खुंट्यांची अदलाबदल झाली नव्हती, पण लिंबाक्काला एवढे पुरेसे नव्हते. ती लेकीच्या नाकाशी बोट धरून बसली आणि राजाचे शब्द पुन्हा पुन्हा आठवून पारखू लागली. तो खोटे बोलला असेल का, एवढेच तिला कळत नव्हते.

चौथ्या दिवशी ऊन घरात आले. शेवंतीने कूस बदलली, डोळे चोळले आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

राजा वज्रसेन एकवीस वर्षे जागला आणि एकदाही त्या दाराशी गेला नाही. त्याच्यानंतर किल्ली आणि पहारा गादीवर बसणाऱ्याने घेतला. राज्यात जन्मलेले प्रत्येक मूल आपल्याच झोपेने निजले, आपल्याच वेळी उठले. त्या राज्याची गोष्ट इथे मिटली. ऐकणाऱ्यांचे डोळे सुखाने मिटोत, सुखाने उघडोत.