टिटवीच्या अंड्यांसाठी वळलेली सीमा

त्रेतायुग सरत आले होते, तेव्हाचे हे वृत्त. राजाने मृगयावनासाठी ज्यांची घरे मोडली, अशी आपल्या घरासह चाळीस कुटुंबे घेऊन क्षेमंकर नावाचा कृषक सह्याद्रीच्या एका जलसमृद्ध, तृणश्यामल दरीत उतरला. पण दरी होती पर्वतरूपी विकटशैल असुराची. त्याला ब्रह्मदेवाचा वर होता. अहो, असुरांना वर देताना ब्रह्मदेवाचा हात कधी आखडला आहे? सुदैवाने त्या वरात एक पळवाट होती. एका दिवसात, नांगर न उचलता, ज्या भूमीभोवती अखंड रेघ पडेल ती माणसांची. रेघेबाहेरचे सारे सूर्यास्ताला असुर गिळणार!

क्षेमंकराने पहाटेच बैल जुंपले. तिसऱ्या प्रहरी नदीकाठचे काळेभोर मैदान तेवढे कवेत घ्यायचे राहिले, आणि नेमकी फाळापुढे टिटवीची दोन अंडी! सरळ जावे तर ती चिरडणार, आतून वळावे तर ती रेघेबाहेर राहून असुराच्या तोंडी जाणार. बाहेरून वळायचे, तर तिकडे निसरडा कातळ.

"थांबलात काय, नाथ!" पत्नी धृती कडाडली. "दोन अंड्यांपायी चाळीस घरांच्या तोंडचा घास काढणार?"

"धृती, आपली घरे मोडणाऱ्या राजालाही आपण एवढेच दिसलो असू," क्षेमंकर म्हणाला.

धृतीने पदर खोचून बैलांची वेसण धरली आणि त्यांना पावलापावलाने कातळावरून नेले. फाळ करकरत होता, बैलांचे गुडघे फुटत होते, सूर्य भराभर कलत होता. मैदानाला वळसा घालणे आता शक्य नव्हते. ते बाहेर सोडूनच त्याने रेघ जुळवली, आणि सूर्य बुडाला.

प्रचंड गर्जना करीत पर्वत कोसळला. मैदान गेले, नदी गेली. शिळा रेघेपाशी येऊन थांबल्या.

"क्षुद्र मानवा!" असुर गरजला. "या गावात एक्केचाळिसावी चूल कधीही पेटणार नाही!"

तेव्हा नांगरलेल्या मातीतून भूदेवी प्रकटली. म्हणाली, "वत्सा, हा शाप मला पुसता येत नाही. पण तू परक्या पिलांना जागा दिलीस. या गावातून जो बाहेर पडेल, त्याला माझ्या पाठीवर कुणीही परका म्हणणार नाही."

पुढल्याच वर्षी क्षेमंकराच्या धाकट्या मुलाचे लग्न झाले. नव्या सुनेने वेगळ्या घरात सकाळभर फुंकर घातली, चूल काही पेटेना. क्षेमंकराने आपली बैलजोडी मुलाच्या हाती दिली. धृती ढसाढसा रडली.

त्या गावात आजही चाळीसच घरे आहेत म्हणतात. दर पिढीत कुणाला तरी उंबरा सोडावा लागतो. जाईल तिथे लोक त्याला "ये, बस" म्हणतात. इकडे आई मात्र कितीतरी दिवस त्याचे पान वाढत राहते.