डोळे मिटून वाचलेली ओळ

‘पुराव्यावर आधारित उपचार’ हा नेत्रचिकित्सकांच्या उजळणी वर्गाचा विषय, आणि शिकवायला डॉ. चिंचळकर!

“पुरावा कसला मागता? माझे थेंब महिनाभर घातले की पेशंट भिंतीवरच्या या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचतो. उद्यापासून तालुकाभर हेच थेंब. कुणाला शंका?”

वर्गाला आलेली, तालुक्यात चष्म्याचे नंबर काढणारी शलाका दचकून उठली. हे थेंब तिच्याच पेशंटांच्या डोळ्यांत जाणार होते.

“सर, तक्ता दर वेळी हाच?”

“तीस वर्षं हाच!”

“मग डोळे मिटून शेवटची ओळ म्हणाल?”

डॉक्टरांनी ऐटीत डोळे मिटले आणि एकही अक्षर न चुकता ओळ म्हटली.

शलाका चाचरत म्हणाली, “अभिनंदन, सर! तुम्हाला तर थेंबही लागले नाहीत.”

हशा ओसरेपर्यंत डॉक्टरांनी डोळे उघडले नाहीत. तालुक्यात थेंब आलेच नाहीत. नवा तक्ता तेवढा आला.