गोधडीचं दुसरं टोक

"...म्हणजे यातला पहिला अर्थ कोणता धरायचा, बाबा?"

लतीफबाबा नदीकाठच्या दगडावर उभे राहून ओल्या गोधडीवर सावकाश पाय देत राहिले.

सकाळ झाली होती, पण धुकं हटलं नव्हतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाण्याचा आवाज तेवढा कुठूनतरी येत होता.

प्रश्न विचारणारे निमकर हेडमास्तर. लग्नाची पत्रिका हातात आली की लग्न कुणाचं आहे हे पाहण्याआधी त्यातल्या चुका काढणारा माणूस. अठरा वर्षं ते आणि त्यांचे मित्र शमुवेल भिंगारदिवे मिळून इंग्रजी-मराठी कोश करत होते. कोश शेवटाला आला आणि एका क्रियापदापाशी अडला.

'रिंग'. आधीचा डब्ल्यू लिहायचा, बोलायचा नाही.

निमकरांनी खिशातून कार्ड काढून अर्थ वाचून दाखवले. ओला कपडा पिळणं. कोंबडीची मान मुरगळणं. कुणाकडून कबुली काढून घेणं. व्याकूळ होऊन हात चोळणं. भेटल्यावर दुसऱ्याचा हात घट्ट दाबणं. काळीज पिळवटणं.

"शमुवेल म्हणाला, काळीज पहिलं. मी म्हणालो, कापड पहिलं. शास्त्र माझ्या बाजूनं आहे."

"मग?"

"मग तो उठून गेला. चौदा महिने झाले."

बाबांचे पाय थांबले. "उगाच उठून गेले?"

निमकरांनी कार्ड खिशात ठेवलं.

"त्याची बायको नुकतीच गेली होती... मी म्हणालो, 'दुःख सहाव्या नंबरवर येतं, शमुवेल.'"

ते नंतर त्याच्या घरी गेलेही नव्हते. हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. बाबांनी विचारलंही नाही.

लतीफबाबांच्या तकियात, म्हणजे त्यांच्या फकिरी मठीत, एक रीत होती. रात्री जो मुक्काम करील, त्यानं पांघरलेली गोधडी सकाळी स्वतः पिळून वाळत घालायची. रात्री मुक्कामाला राहिलेल्या हेडमास्तरांनाही त्यातून सूट नव्हती. बाबांनी गोधडी त्यांच्यापुढे सरकवली आणि पिळायला सांगितलं.

निमकर म्हणाले, त्यात काय, मी एकटा पिळतो.

सात लुगड्यांची जुनी गोधडी ती. एक बाजू पिळावी तर दुसरी चिखलात लोळायची. थोड्याच वेळात हेडमास्तर गुडघ्यापर्यंत भिजले आणि गोधडी होती तितकीच जड राहिली.

मग बाबांनी दुसरं टोक उचललं.

निमकरांनी पीळ दिला. बाबांनीही त्याच अंगानं गोधडी फिरवली. निमकरांनी जोर लावला. बाबांनी तेवढाच जोर त्याच अंगाला लावला. दोघांच्या मधे गोधडी नुसती गोल गोल फिरत होती. पाण्याचा थेंब पडला नाही.

"अहो, तुम्ही माझ्याच बाजूनं फिरवताय," निमकर वैतागले.

"तुमचंच बरोबर, मास्तर. मी तुमच्याच बाजूचा."

"पण मग पाणी कसं निघेल?"

बाबा हसले. त्यांनी मनगटं फिरवली आणि उलटा पीळ दिला.

गोधडी ताठ झाली. आधी थेंब पडले, मग धार लागली. मातकट पाणी दगडावरून नदीत जायला लागलं. निमकरांचे हात ताणले गेले, बोटं पांढरी पडली. समोर धुक्यात बाबांचा चेहरा नीट दिसत नव्हता. कुणीतरी आहे आणि उलटं ओढतंय, एवढंच कळत होतं. अठरा वर्षं टेबलाच्या पलीकडून असंच कुणीतरी प्रत्येक शब्दाला नाही म्हणत आलं होतं.

निमकरांना एकदम रडू आलं. आपल्याला रडता येतं, याचंच त्यांना आधी नवल वाटलं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

"मी चुकलो, बाबा."

"हं."

"आज जाऊ त्याच्याकडे?"

बाबांनी आणखी एक पीळ दिला.

"तो मला काय म्हणेल?"

"उलटंच म्हणेल."

"आणि मी...?"

धार बारीक झाली होती. आता झालं असं वाटून निमकरांची मूठ सैल पडायला लागली.

धुक्यातून बाबांचा आवाज आला, "टोक सोडू नका, मास्तर. अजून पाणी आहे."