टेकून बसायची भिंत

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, कारण त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

नदीच्या पुरात एक गाव वाहून गेलं, तेव्हा राजाने आपल्या भट्टीतल्या विटा देऊन ते पुन्हा वसवलं. पण विटांची माती खारवट निघाली. दोन पावसाळ्यांत भिंतींना लोणा धरला, पोपडे सुटले, भेगा पडल्या. घरात दिवसभर भुरभुर माती गळायची. जेवताना ती ताटात पडली की लोक घास हातात धरून वर बघत बसायचे.

राजाच्या कानावर हे गेलं. त्याने दवंडी पिटवली, "विटा माझ्या, तेव्हा चूकही माझी. माझा कारभारी घरं बघायला येईल. ज्याचं घर बिघडलंय त्याला माझ्या खर्चाने नवं बांधून मिळेल."

आता गावाने खूश व्हायला हवं होतं की नाही? पण पाटलाने सगळ्यांना पारावर बोलावलं. "आपली घरं पडकी, असा एकदा बोभाटा झाला की या गावात पोरी कोण देणार? चुना मारा भिंतींना. एक भेग दिसता कामा नये. डागडुजी आपण मागाहून गुपचूप करू."

गावाच्या टोकाला दोर वळणारी एक बाई राहायची. तिचं तान्हं बाळ झोळीत निजायचं. झोळी ज्या तुळईला टांगलेली, ती तुळई फुगलेल्या भिंतीवर होती. बाई झोळी सोडायची, दुसरीकडे बांधायची, पुन्हा सोडायची. सगळ्याच भिंती तशा. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"पाटील, चुन्यानं भिंत उभी राहते का हो?" तिने विचारलं.

"तुला गावात राहायचंय ना?" पाटील म्हणाला.

मग तिनेही चुना मारला. भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि तिची घालमेल आणखीच वाढली.

कारभारी आला. घरामागून घर बघत गेला आणि समाधानाने मान डोलवत राहिला. पाटील सोबत होताच. शेवटचं घर बाईचं. कारभारी दमला होता. त्याने पाणी मागितलं. बाईने घोंगडी अंथरली. पाहुण्याने भिंतीला टेकून बसायचं, ही तिथली रीत. कारभारी पाठ टेकवणार, तोच तिच्या तोंडून निघून गेलं, "तिथं टेकू नका, सरकार."

दारातल्या पाटलाने डोळे वटारले.

"का गं?"

"वर नुसता चुना आहे, आत काही राहिलं नाही. माझं लेकरू इथं निजतं. रोज वाटतं, आज पडेल." बाईला रडू आवरेना.

कारभाऱ्याने भिंतीवर बोट दाबलं. ते सरळ आत गेलं. तो उठला आणि आल्या वाटेने पुन्हा प्रत्येक घरात गेला. प्रत्येकाला एकच विचारलं, "इथे टेकून बसू का?"

भिंत झाकणं लोकांना जमलं होतं. पण दारी आलेल्या माणसाला तिच्याखाली बसवणं कुणाला जमेना. एकेकाने मान खाली घातली आणि नको म्हटलं.

पाटील मात्र म्हणाला, "बसा की खुशाल. आमची भिंत पक्की आहे."

"मग आधी तुम्ही टेका."

पाटील बसला, पण पाठ आणि भिंत यांत बोटभर जागा ठेवून. कारभाऱ्याने दूध मागितलं. सावकाश प्यायला. पीकपाण्याच्या गप्पा काढल्या. पाटलाला घाम फुटला, मांड्या थरथरू लागल्या, तरी पाठ भिंतीला लागली नाही.

"टेका ना नीट."

"मला ताठच बसायची सवय आहे."

"तुम्ही पक्की म्हणता, तर माझं काय म्हणणं?" कारभारी उठला आणि निघून गेला.

उन्हाळ्यात साऱ्या गावाला नवी घरं मिळाली, एका पाटलाला सोडून. डागडुजी करायला भिंतीला हात लावावा, तर हातातच माती यायची. "बसलात ना ताठ? आता बसा," पाटलीण म्हणाली. पावसाळ्यात आभाळ गडगडलं की दोघं अंगणात येऊन भिजत उभी राहायची. अशाच एका दुपारी भिंत त्यांच्या डोळ्यांदेखत बसली.

ओली गाठोडी घेऊन दोघं बाईच्या दारात आली. पाटील खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि चारही भिंतींकडे बघत राहिला. बाईने घोंगडी अंथरली.

"टेका, पाटील. ही टेकायचीच भिंत आहे."

पाटलाने हळूच पाठ टेकवली. कित्येक दिवसांनी त्याचा डोळा लागला. शेजारी झोळीत बाळ निजलं होतं.

तात्पर्य: जे दुखणं आपणच झाकून ठेवतो, त्याची भरपाई राजालाही करता येत नाही.